‘काका’ लिहायला दोन ‘क’ लागतात: बालवाडीच्या कोपरा-साहित्याचं परीक्षण

बाजारात ‘भाषा कोपरा’, ‘गणित कोपरा’ अशा नावांनी तयार संच मिळतात. एक मोठं खोकं, आत चार-पाच डबे, मुळाक्षरांची लाकडी नाहीतर जाड पुठ्ठ्याची कार्डं, १ ते २० अंक, मूठभर प्लास्टिकचे मणी, एखाद-दोन चित्रकोडी आणि झाकणावर हसऱ्या मुलांचा फोटो. असा संच हातात आला की आधी ‘काका’ हा शब्द लावून बघावा. बहुतेक संचांत ‘क’ एकच निघतो आणि काना सुटा नसतोच. मोठ्या शिशूतलं मूल सगळ्यात आधी वाचतं ते काका, मामा, नाना. नेमके तेच शब्द या संचात लिहिता येत नाहीत. ‘ङ’ आणि ‘ञ’ मात्र चकचकीत रंगात हजर असतात.

मुळाक्षरांचं कोडं म्हणून हे चालेल. ‘अ’च्या खाचेत ‘अ’ बसला की खेळ संपला. पण कोपऱ्याचं काम त्याहून मोठं आहे. ताई दुसऱ्या गटात बसलेली असताना सहा मुलांनी साहित्य आपलं आपण काढायचं, पंधरा मिनिटं त्यात रमायचं आणि होतं तिथे परत ठेवायचं. इथे प्रत्येक वस्तू याच एका कसोटीवर पाहिली आहे. हिशेबासाठी २४ मुलांचा वर्ग, एक ताई, एक मदतनीस, दोन कोपरे भाषेचे आणि दोन गणिताचे असं धरलं आहे.

आधी अक्षरं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. अ-आ-इ-ई या क्रमाने पूर्ण वर्णमाला विकत घेण्याची घाई करू नये. पहिल्या सत्राला क, म, न, ल, र आणि काना एवढं पुरतं. यांतून काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, मका, माल, लाल, रान, कमल असे बाराएक शब्द होतात, आणि सगळे मुलांच्या तोंडातले. दोन मुलांच्या जोडीला एक डबी द्यावी. डबीत क, म, न प्रत्येकी चार, ल आणि र प्रत्येकी तीन, काने सहा, अशा एकूण २४ पट्ट्या. काने सहा का, तर ‘काका, मामा, लाल, नाक’ हे चार शब्द एकाच वेळी सतरंजीवर मांडले की बरोबर सहा लागतात. एक कमी पडला की आधीचा शब्द मोडावा लागतो, आणि मोडायचा कुणाचा यावरून जुंपते. सहा मुलांच्या कोपऱ्याला अशा तीन डब्या आणि एक राखीव.

तयार पट्ट्यांत आणखी एक खोट असते, ती पटकन लक्षात येत नाही. अक्षराच्या दोन्ही बाजूंना कोरा समास सोडलेला असतो. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की शिरोरेघ तुटते आणि ‘कमल’ हा शब्द न दिसता तीन वेगळी अक्षरं दिसतात. पट्टीवर शिरोरेघ डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत गेलेली हवी, म्हणजे पट्ट्या भिडल्या की रेघही जुळते. माप ४ सें.मी. रुंद आणि ७ सें.मी. उंच ठेवावं, अक्षर मधल्या ४ सें.मी.त, वर-खाली दीड-दीड सें.मी. मोकळं. ती मोकळी जागा मात्रा आणि उकारांसाठी. कान्याची पट्टी दीड सें.मी. रुंद. प्रत्येक पट्टीचा डावा वरचा कोपरा तिरका कापावा. पट्टी उलटी धरली आहे हे मुलाला मग बोटानेच कळतं, ताईला सांगावं लागत नाही.

मात्रा आणि उकार पारदर्शक शीटवर छापून त्याच मापात कापले, कोपराही तसाच तिरका ठेवला, की ते पट्टीवर नेमके बसतात. ‘क’वर ‘े’ची शीट ठेवली की ‘के’, उचलली की पुन्हा ‘क’. बाराखडीच्या तक्त्यापेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं. दीर्घ वेलांटी आधी घ्यावी (काकी, मामी), ऱ्हस्व वेलांटी दिवाळीच्या सुट्टीनंतर. कारण ऱ्हस्व वेलांटी लिहिताना डावीकडे आधी येते आणि उच्चारताना मागून. मूल प्रामाणिकपणे डावीकडून वाचतं आणि ‘इ-क’ म्हणतं. चूक त्याची नसते.

हिंदीसाठी छापलेला माल वेष्टण बदलून मराठी म्हणून विकला जातो, तोही ओळखता यायला हवा. ‘ळ’ नसतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श अपेक्षित आहे. त्याच निर्णयाने वर्णमालेत घेतलेले ॲ आणि ऑ गायब असतात, आणि ‘बॅट’, ‘बॉल’ हे शब्द तर आजच्या प्रत्येक मुलाच्या तोंडी आहेत. ‘ड’खाली नुक्ता (टिंब) दिसला तर पुढे बघायचीही गरज नाही, खोकं परत करावं.

चित्रकार्डांबद्दल मत फारसं चांगलं नाही. पहिला आवाज ओळखायच्या खेळात ‘म’साठी मक्याचं चित्र असतं आणि अर्धा वर्ग त्याला ‘कणीस’ म्हणतो. कंगव्याला काही घरांत फणी म्हणतात. मुलं बरोबर असतात, कार्ड चुकतं. याहून मोठी अडचण च आणि ज यांची. ‘चमचा’, ‘चाक’ यांतला च आणि ‘चहा’, ‘चिमटा’ यांतला च कानाला वेगळे लागतात. ‘जाळं’ आणि ‘जीभ’ यांचंही तेच. संचात हे सगळे एकाच डबीत कोंबलेले असतात, आणि आवाज नीट ऐकणारं मूलच तिथे गोंधळतं. सुरुवातीला च आणि ज कोपऱ्यात ठेवूच नयेत. ‘ण’ आणि ‘ळ’ तर शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत, म्हणून बाण आणि बाळ यांची चित्रं ‘शेवटचा आवाज’ या वेगळ्या खेळात टाकावीत. कार्डांऐवजी खऱ्या वस्तू कधीही सरस. झाकणाच्या डब्यात ‘क’ आणि ‘म’च्या पाच-पाच वस्तू: कप, कापूस, कांदा, कागद, कवडी, मणी, मोजा, मेणबत्ती, मिरची, माठ (भातुकलीतला). दोन बस्करांवर दोन ढीग. मिरची वाळलेली नको, ओली घ्यावी आणि रोज बदलावी. वाळलेली हातात चुरते आणि तोच हात डोळ्याला जातो.

लोहचुंबकाची अक्षरं दिसायला सुरेख असतात, पण पाठीला चिकटवलेली बारीक चुंबकं सुटतात. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या घड्या धरून एकमेकांना चिकटतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं. चुंबक पूर्ण बंदिस्त नसेल तर ती घेऊच नयेत.

गिरवण्यासाठी ट्रे हवा. ३० बाय ४० सें.मी.चा, कडा चार सें.मी., तळाला गडद निळा किंवा काळा कागद, वर साधारण एक सें.मी. वाळूचा थर. थर जाड झाला तर रेघ मिटते, पातळ झाला तर नखं तळाला घासतात. रव्याला मुंग्या लागतात. मीठ कोकणात आणि मुंबईत जूनपासूनच ओलं होऊन ढेकळं धरतं. रांगोळी अजिबात नको. ती दगडाची बारीक पूड आहे, सहा मुलांनी हात फिरवला की नाकातोंडात जाते. चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली वाळू सगळ्यात बरी. ट्रेखाली जुनी चादर अंथरली तर सांडलेली वाळू चार कोपरे उचलून परत ओतता येते. आणि पाटी कालबाह्य झाली असं समजू नये. व्हाइटबोर्डच्या पेनाची टोपणं दुसऱ्याच आठवड्यात हरवतात आणि पेनं वाळतात. पाटीला तसलं काही होत नाही. फक्त पेन्सिली मोजून द्याव्यात आणि मोजून घ्याव्यात, कारण त्या खाणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतंच.

आता गणित. लाकडातून कापलेले सुटे अंक जवळपास प्रत्येक संचात असतात, आणि ते कोपऱ्यासाठी निकामी आहेत. ‘छत्तीसचा आकडा’ आपण उगाच म्हणत नाही; ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. सुटा ३ पालथा घातला की मुलाच्या डोळ्यांना तो ६च दिसतो. १ आणि ९ मध्येही गल्लत होते. म्हणून अंक चौकोनी कार्डावरच हवेत, खालच्या कडेला जाड रेघ मारलेली, मागच्या बाजूला तितकेच ठिपके. मुलाने ठिपक्यांवर वस्तू ठेवून मोजावं आणि कार्ड उलटून स्वतःच पडताळावं. बरोबर-चूक कळायला ताईकडे धावत जावं लागलं, तर ताईसमोरच्या गटाचं काम थांबतं.

मोजायच्या वस्तू रंगीबेरंगी असाव्यात हा समज दुकानदारांनी पसरवलेला आहे. संचात अस्वलं, फुलं, गाड्या एकत्र असतात. मुलं त्यांच्याशी खेळतात, ती मोजत नाहीत. मोजणीसाठी एकाच जातीची, एकाच रंगाची वस्तू लागते. वर्गीकरणाचा खेळ वेगळा, त्याचा डबा वेगळा. सहा मुलांना दहा-दहा प्रमाणे ६० लागतात; ८० घ्याव्यात, २० वर्षभरात हरवतात.

चिंचोके अजूनही उत्तम. धुऊन वाळवून मंद आचेवर कढईत परतून घ्यावेत, नाहीतर पावसाळ्यात भोकं पडून आतून किडे निघतात. वाटाणे आणि हरभरे नकोत. नाकात घातले तर ओलाव्याने फुगतात आणि काढणं अवघड होतं. गुंजा तर कधीच नकोत. लाल-काळ्या, गुळगुळीत, मोहात पाडणाऱ्या असतात, पण त्यांतलं विष फार तीव्र आहे आणि बी फुटलेली किंवा चावलेली असली की धोका खरा होतो. एरंडाच्या बियाही त्याच यादीतल्या. छोट्या शिशूसाठी चिंचोकेही लहानच पडतात. खेळण्यांच्या सुरक्षामानकात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मि.मी. व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू धोक्याची धरतात. पाण्याच्या बाटलीचं टोपणही त्या नळीत जातं. तोंडात घालायची सवय न सुटलेली मुलं असतील तर बरणीची झाकणं वापरावीत.

दहाची चौकट, म्हणजे पाच-पाच घरांच्या दोन ओळी, ही गणिताच्या कोपऱ्यातली सगळ्यात उपयोगी वस्तू. विकत मिळणारी चौकट छापील आणि सपाट असते. कोपर लागला की वस्तू घरंगळतात. अंड्यांचा तीसचा ट्रे पाच बाय सहा घरांचा असतो. त्याचे दोन-दोन ओळींचे तीन तुकडे केले की तीन खोलगट चौकटी तयार होतात. दोन ट्रेंत सहा मुलांची सोय. पुठ्ठ्याचा ट्रे वापरलेला घेऊ नये, तो धुता येत नाही. प्लास्टिकचा असेल तर साबणाने धुऊन उन्हात ठेवावा. घर खोल असल्यामुळे प्रत्येक घरात एकच चिंचोका टाकायचा हे मुलाला न सांगता समजतं, आणि सात टाकल्यावर तीन घरं रिकामी दिसतात. ‘सात आणि तीन दहा’ हे तिथे डोळ्यांसमोर पडलेलं असतं.

फासे संचात मिळतात, सहा ठिपक्यांचे. पहिल्या दोन महिन्यांत सहा हा आकडा जड जातो. साध्या लाकडी ठोकळ्यावर १, १, २, २, ३, ३ असे ठिपके काढावेत. त्याहून चांगला उपाय चल्लस-आठ या आपल्या कवड्यांच्या खेळात आहे: चार कवड्या, किंवा एक बाजू फरशीवर घासून पांढरी केलेले चार चिंचोके. उधळायचे आणि पांढरे मोजायचे. सगळे काळे पडले तर शून्य. खेळात त्याचे आठ धरतात हे खरं, पण इथे शून्यच धरावं. फाशावर शून्य कधी पडत नाही आणि तक्त्यावरच्या शून्याला मुलं ‘गोळा’ म्हणून ओळखतात. उधळायला खाली रुमाल घातलेला ट्रे हवा, नाहीतर अर्धी पंधरा मिनिटं कपाटाखाली हात घालण्यात जातात.

गणितमाळेला पूर्ण गुण, पण तयार माळ तपासून घ्यावी. मुलाच्या हातची माळ २० मण्यांची, पाच लाल-पाच पांढरे अशी आलटून-पालटून. मणी १६ मि.मी.चे घेतले तर ३२ सें.मी. लांबी मण्यांतच जाते; दोन टोकांच्या गाठींमध्ये दोरी ४५ सें.मी. हवी. मोकळी दोरी नसेल तर मणी सरकत नाहीत आणि माळ नुसती शोभेची राहते. विकतच्या माळा इथेच फसतात. दोरी दोन मि.मी. जाड नायलॉनची, टोकं जाळून दुहेरी गाठ. इलॅस्टिक नको, आणि टोकं एकत्र बांधून गोल माळ करू नये, ती लगेच गळ्यात जाते. वर्गासाठी शंभर मण्यांची माळ, दहा-दहाच्या दोन रंगांत, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर आडवी ताणावी आणि अंकाची कार्डं कपड्यांच्या चिमट्याने लावावीत. ‘एकोणीस’ ऐकून मूल गोंधळतं ते या माळेवर सुटतं. वीसच्या अलीकडचा एक मणी बोटाने दाखवता येतो.

सावंतवाडीची लाकडी फळं भाषेच्या कोपऱ्यासाठी घ्यावीत, मोजणीसाठी नाही. परडीत प्रत्येक फळ एकच असतं, मोजायला दहा सारखी लागतात. नावं सांगणं, लहान-मोठं लावणं, डोळे मिटून स्पर्शाने ओळखणं यासाठी त्यांना तोड नाही. ओल्या फडक्याने पुसावीत. पाण्यात बुडवली की रंग उचलतो. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१पासून सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट असल्यामुळे यांच्यावर ते दिसलं नाही म्हणून दचकू नये. रंग कोणता वापरला एवढं विचारावं. कारखान्यात बनलेल्या खेळण्यावर चिन्ह नसेल तर मात्र ते घेऊ नये.

एनसीईआरटीने २० फेब्रुवारी २०२३ रोजी आणलेला ‘जादुई पिटारा’ तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. खेळणी, कोडी, चित्रकार्डं, भित्तिपत्रकं, गोष्टींची पुस्तकं असा त्याचा पसारा. कल्पना म्हणून उत्तम. पण वयाचा पल्ला एवढा मोठा असल्याने बालवाडीसाठी निवड करावी लागते, आणि एका पेटीत सहा जणांच्या कोपऱ्याला पुरतील इतक्या प्रती नसतात. ताईने दाखवायला आणि नमुना म्हणून वापरावा, त्यावरून स्वतःच्या डब्या भराव्यात. हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामात मॉन्टेसरीच्या महागड्या साहित्याच्या जागी बिया, खडे, पानं, शिंपले आले ते याच हिशेबाने.

खरेदी पुण्यात करायची तर झाकणाचे डबे, मणी आणि दोरी रविवार पेठेत बोहरी आळीत, टोपल्या बुरूड आळीत, भातुकलीच्या छोट्या वस्तू तुळशीबागेत, कार्डशीट अप्पा बळवंत चौकात. टोपलीच्या आतून पॉलिश पेपर फिरवावा, कामट्यांची कुसळं बोटात शिरतात. डबे पारदर्शक आणि एकाच मापाचे घ्यावेत, म्हणजे कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसतं. झाकण चार वर्षांच्या हाताने उघडतं का, ते दुकानातच बघावं. करकचून बसणाऱ्या झाकणाचे डबे स्वयंपाकघरासाठी असतात.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं करावं, ८०चं दुमडतं. कार्डं आधी सुटी कापावीत, मग फिल्ममध्ये अंतरा-अंतराने मांडावीत, आणि लॅमिनेशननंतर कडेला तीन-चार मि.मी. फिल्म सोडून पुन्हा कापावीत. आख्खा कागद लॅमिनेट करून मग कापला तर कडा उघड्या राहतात, ओलं बोट लागलं की थर सुटतो आणि महिन्याभरात कार्डांचा लगदा होतो. शिरोरेघेच्या पट्ट्यांना मात्र ही कड नडते, रेघेत फट पडते. त्या पट्ट्या लॅमिनेट करू नयेत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून वरून पारदर्शक चिकटपट्टी मागे वळवून लावावी. तिरका कोपरा त्यानंतर कापावा.

मांडणी ७५ सें.मी.पेक्षा उंच नको. फळीवर डब्याच्या आकाराची चौकट आखून त्यात डब्याचा फोटो चिकटवावा. नाव लिहिलेलं लेबल वाचता न येणाऱ्या मुलाच्या काय कामाचं? भाषेच्या डब्यांना पिवळी चिकटपट्टी, गणिताच्या डब्यांना निळी.

पहिले दोन आठवडे एकच कोपरा उघडावा आणि त्यात फक्त डबा आणणं, बस्कर अंथरणं, काम, डबा जागेवर ठेवणं एवढंच करून घ्यावं. मग एकेक वाढवावा. सहा-सहाचे चार गट, रोज पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन पाळ्या, म्हणजे दोन दिवसांत प्रत्येक गटाचे चारही कोपरे होतात. सोमवार-मंगळवार एक फेरी, बुधवार-गुरुवार त्याच साहित्याची दुसरी. दुसरी फेरी गाळू नये. पहिल्या फेरीत मुलं वस्तू चाचपतात, शिकणं दुसऱ्या फेरीत होतं. चारांपैकी एकाच कोपऱ्याला ताई लागावी. दोन कोपऱ्यांतून ‘ताई, हे कसं?’ अशा हाका यायला लागल्या तर मुलांवर चिडू नये, त्यातलं एक साहित्य अवघड आहे, ते काढून घ्यावं. शुक्रवारी मदतनीसाने डब्या मोजाव्यात. झाकणाच्या आत आकडा लिहिलेला असावा: पट्ट्या २४, काने त्यांतले ६. काने सगळ्यात आधी हरवतात, म्हणून जूनमध्येच दहा जास्तीचे कापून ठेवावेत.